कायले डॉक्टरांचा दोरा

आमच्या पुसदला एक डॉक्टर आहेत, ते औषधाच्या चिठ्ठीऐवजी दोरा देतात. गोधडी शिवायचा असतो ना, तसला जाड पांढरा. टेबलावरच्या बिस्किटाच्या डब्यातून हातभर तुकडा काढायचा, समोरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याला गाठी मारायच्या, कधी तीन, कधी पाच, फार झालं तर सात, आणि त्याच्या हातात ठेवायचा. "रोज सकाळी एक सोडजा. समद्या सुटल्या अन् तरी दुखलं, त माह्याकडं या. मंग तपासू. मशीन कुठी पळून नाही जाऊन राह्यली."

तुम्हाला वाटेल, कोणी गंडेदोरे देणारा बाबा असेल. नाही हो. नागपूरला शिकलेले एम.डी. आहेत. डिग्री भिंतीवर लावलेली आहे, पण दार उघडं असलं की ती दारामागे जाते, आणि दार तर दिवसभर उघडंच.

नाव हरलाल. फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. पण स्टँडवर उतरून हरलाल डॉक्टर कुठे बसतात विचाराल, तर ऑटोवाला डोकं खाजवेल. 'कायले डॉक्टर' म्हणा, थेट पायरीशी नेऊन सोडेल.

कारण हा माणूस सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो, कायले, म्हणजे कशाला. पेशंट म्हणतो, डॉक्टर, सोनोग्राफी लिहून द्या. हे म्हणतात, "कायले?" तो म्हणतो, पोटात दुखून राह्यलं. हे म्हणतात, "पोटात दुखते ते समजलं. सोनोग्राफी कायले?" तो म्हणतो, पाहून तर घेऊ. "पाहून घेऊ, पण कायले? काही निघालं त मी वेगळं काय करन, अन् नाही निघालं त वेगळं काय करन?" तिसऱ्या 'कायले'ला माणूस एक तर हसतो, नाहीतर तरातरा उठून समोरच्या काचेच्या दवाखान्यात जातो. उठून जाणारे पुष्कळ. ताप आला की सलाइन लावून घ्यायची आमच्याकडे फार हौस, आणि हे सलाइनच्या बाटलीलाही 'कायले' विचारतात. औषध कंपनीच्या पोरांना विचारतात. मी चहा पुढे केला तरी हात आडवा करतात आणि म्हणतात, "कायले?" सतरा वर्षं त्यांनी माझ्या घरी घोटभर चहा घेतला नाही.

दोरा कशासाठी, हे ज्याने विचारलं त्याला निराळं उत्तर. मास्तराला सांगितलं, मोजणी पक्की होते. सासू-सुनेला सांगितलं, गाठ सोडताना दोन मिनिटं तोंड बंद राहतं. मला सांगितलं, "चिठ्ठी हरवते वहिनी, बाईमाणूस दोरा हरवत नाही."

हे मी हसत सांगते आहे खरं, पण मागच्या संक्रांतीला याच माणसाच्या शब्दावर माझ्या नातीचा जीव टांगलेला होता. सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. ते सहा तास सांगायलाच मी बसले आहे. पण त्याआधी मी कोण ते सांगते, नाहीतर उगाच मला शहाणी समजाल.

डॉक्टरांशी ओळख झाली तेव्हा मी पंचावन्न वर्षांची, म्हणजे ऐन बावळटपणात होते. तहसील कचेरीत टायपिस्ट. कागदावर शिक्का दिसल्याशिवाय कुठल्याच गोष्टीवर विश्वास बसत नसे, स्वतःच्या तब्येतीवर तर नाहीच. माझ्या रिपोर्टांची एक फाइल होती. लाल फितीची. आत अनुक्रमणिका, प्रत्येक पानावर आकडा, डाव्या बाजूला आवक-जावक. दर सहा महिन्यांनी सगळं अंग तपासून घ्यायचं, आणि जे आकडे जाड ठशात छापून येतील त्यांची काळजी करायची, असा माझा संसाराबाहेरचा संसार होता. हळदीकुंकवाला बाकीच्या बायका साड्या दाखवत, मी थायरॉइड दाखवत असे. एकदा शेजारणीचं कोलेस्टेरॉल माझ्यापेक्षा जास्त निघालं, तर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आमचे हे तेव्हा होते. ते म्हणत, तुला काही झालेलं नाही, हाच तुझा आजार आहे. मी त्या वाक्याचीही तारखेनिशी नोंद करून ठेवली होती.

अशात माझं डोकं दुखायला लागलं. पंधरा दिवस, रोज. मी मनातल्या मनात मेंदूत गाठ घालून, ऑपरेशन करून, तेराव्याचं आमंत्रण टाइप करण्यापर्यंत पोचले होते. फाइल काखेत मारून हरलाल डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, मेंदूचा स्कॅन लिहून द्या.

"कायले?"

मी म्हटलं, मनाच्या शांतीसाठी.

"मनाची शांती फोटोत येत असती वहिनी, त मी रोज फोटो काढला असता." त्यांनी फाइलीला हात लावला नाही. कधीपासून दुखतं, कुठे दुखतं, सकाळी की कचेरी सुटताना, ताप होता का, हात-पायाला मुंग्या येतात का, असं अर्धा तास विचारत बसले. टॉर्चने डोळे पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली, मला रेघेवरून चालवलं. शेवटी विचारलं, हा चष्मा कधी घेतला. मी म्हटलं, असेल पंधरा-वीस दिवसांपूर्वी. त्यांनी दोरा काढला, सात गाठी मारल्या आणि म्हणाले, जुना चष्मा लावा, रोज एक गाठ सोडा.

मी काय केलं असेल? ऑटोत बसल्या बसल्या केसातला आकडा काढला आणि घर येईस्तोवर सातही गाठी सोडल्या. तोच ऑटो परत फिरवला. दोरा टेबलावर ठेवला आणि ताठ मानेने म्हटलं, सुटल्या. आता लिहून द्या.

डॉक्टरांनी दोरा उचलला, उजेडात धरून पाहिला. बाहेर वीस माणसं बसलेली. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी फक्त तांब्यातल्या पाण्यात दोरा बुडवला आणि पुन्हा सात गाठी मारल्या, दातांनी ओढून, घट्ट. "फाइलबाई," ते म्हणाले, "दिवस जाऊ द्या लागते. गाठ दिवसाची हाय, दोऱ्याची नाही."

पाचव्या गाठीला डोकं थांबलं. चष्म्याचा नंबर चुकलेला होता. तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी फाइलबाई, आणि ती फाइल आमच्या माळ्यावर.

बरं, हा माणूस तपासणीचा वैरी आहे म्हणाल, तर तसंही नाही. एकदा मी तिथे बसलेली असताना बियाण्यांचा एक दुकानदार आला. दारातूनच म्हणाला, डॉक्टर, पित्त झालं, छाती जळजळून राह्यली, मले तीन गाठींचा द्या म्हणजे झालं. बिस्किटाच्या डब्याकडे त्याचा हातही गेला. डॉक्टरांनी त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. भर थंडीत पाठ भिजलेली. त्यांनी 'कायले' म्हटलं नाही, डब्याला झाकण लावलं. दहा मिनिटांत त्याचा कार्डिओग्राम निघाला, गोळी चावायला दिली गेली, आणि गल्लीच्या तोंडाशी रफिकभाईची जीप असते ती दारात आली. डॉक्टर स्वतः त्याच्यासोबत बसून गेले. गळ्यातली नळी टेबलावरच राहिली. आम्ही सगळे पेशंट तसेच बसून. परत आले तेव्हा हातपाय धुऊन खुर्चीत बसले आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, "दोरा ज्याले थांबता येते त्याच्यासाठी. ह्याले थांबाचं नव्हतं."

माणूस वाचला. अजून दुकान चालवतो. पण मला त्या दिवशी कळलं की 'कायले' विचारणं सोपं, ते कधी विचारायचं नाही ते अवघड.

तर संक्रांत. माझी मुलगी शुभा पुण्याहून आली होती, सोबत सहा वर्षांची ओवी. आमच्या पुढच्या खोलीत बंगई, म्हणजे झोपाळा आहे, कड्यांचा, लाकडी. पुण्याच्या पोरांना बंगई म्हणजे जत्रा. ओवी उभी राहून झोके घेत होती. मी दोनदा सांगितलं, बसून घे. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि फरशीवर ठक्क असा आवाज झाला.

लगेच रडली. कपाळावर बोराएवढं टेंगूळ. शुभाने जवळ घेतलं, मी बर्फ लावला. वीसेक मिनिटांनी पोरगी गप्प झाली, तीळगूळ मागितला, खाल्ला, आणि भडभडा उलटी केली.

 शुभाने नवऱ्याला फोन लावला. जावई शहाणा, शांत माणूस, पण बाप. त्याने फोनवरच सांगितलं, आधी स्कॅन, मग बाकीचं. स्कॅनचं नवं सेंटर आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर. चालत गेलं तरी दहा मिनिटं. आणि खरं सांगू? माझ्या आतली ती पंचावन्न वर्षांची बाई लाल फीत सोडून उठून बसली. एका हाताने मी ओवीचा स्वेटर शोधत होते आणि दुसऱ्या हाताने हरलाल डॉक्टरांना फोन लावत होते.

ते जेवणावरून उठून आले. बोटांना भाकरीचं पीठ होतं. आल्या आल्या ओवीला नाही, मला विचारलं, फाइलबाई, पाहिलं का पडताना. किती उंचावरून, आधी काय लागलं, बेशुद्ध झाली का, लगेच रडली का. मग हात धुतले. डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, डोकं बोटांनी इंचइंच दाबलं, कानामागे पाहिलं, फरशीच्या रेघेवरून चालवलं. ओवीला मजा वाटली. तिने विचारलं, तुम्ही आजीला फाइलबाई का म्हणता. ते म्हणाले, मंग सांगतो.

शुभाने विचारलं, "डॉक्टर, स्कॅन करायचा ना?"

मी 'कायले' या शब्दाची वाट पाहत होते. तो आला नाही. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"ऐक बाई. आता जे दिसून राह्यलं, त्यात मले भ्यायासारखं दिसत नाही. डोकं लहान हाय, त्यात उगाच किरणं नको सोडाले. हलू नये म्हणून गुंगीचं द्या लागन, तेबी नको. सहा तास नजर ठेवू. पुन्हा उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, चाल बदलली, डोकं दुखणं वाढत गेलं, त एक मिनिट नाही थांबाचं. रफिकभाईले बोलावून ठेवतो. जीप दारातच राहीन."

शुभाचा फोन स्पीकरवर चालूच होता. जावई म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही गॅरंटी देता?"



"नाही, जावईबापू," डॉक्टर म्हणाले. "गॅरंटी नाही देत. मी इथी बसतो."

 मग जावई म्हणाला, शुभा, तू ठरव. शुभाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, तू सांग."

मी आयुष्यभर इतरांचे आदेश टाइप केलेली बाई. चष्म्याच्या नंबरापायी मेंदूचा फोटो मागणारी. मी म्हटलं, "थांबू."  हा शब्द परत घेता आला तर बरं, असं पुढचे पाच तास दर मिनिटाला वाटत होतं.

डॉक्टर बंगईवर बसले. झोका घेतला नाही. दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवून, कडी वाजू न देता. उजवा हात कोटाच्या खिशात. दर पंधरा मिनिटांनी उठायचे, बाहुल्या पाहायचे, ओवीला काहीतरी विचारायचे, पुन्हा येऊन बसायचे. बाहेर रफिकभाई जीपचं तोंड रस्त्याकडे करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. मी चहा विचारला. "कायले?" तेवढंच त्यांच्या स्वभावातलं त्या दुपारी ऐकू आलं. मला वाटलं, बाकी हा माणूस दगड आहे. आपण इकडे मरतो आहोत, आणि हे खिशात हात घालून दोऱ्याशी खेळत बसलेत.

दोनला ओवीचे डोळे मिटायला लागले. शुभा किंचाळलीच, झोपू देऊ नका. डॉक्टरांनी विचारलं, रोज कधी झोपते. शुभा म्हणाली, रोज दोनलाच. "मंग झोपू दे. मी उठवतो."

झोपलेलं मूल पाहायला किती गोड असतं म्हणतात. मला त्या दिवशी तिच्या छातीवरून नजर हलवता येईना. वर जाते आहे, खाली येते आहे. खिडकी लावून घेतली, कारण फ्रॉक हलायचा आणि श्वास कुठला, वारा कुठला, कळायचं नाही.

अडीचला डॉक्टरांनी हाक मारली. "ओवी."

काही नाही.

"ओवी."

काही नाही. डॉक्टर झटक्यात उठले. इतका वेळ धरून ठेवलेली कडी करकरली, आणि तो आवाज ऐकून बाहेर रफिकभाईने जीप सुरू केली. शुभा भिंतीला टेकून खाली बसली. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ पार कोरडे पडले होते, पापणीही हलत नव्हती. त्यांनी पोरीचा खांदा धरून हलवला, माझ्याकडे बोट केलं.

"छोरी, उठ. हे कोण हाय, सांग."

ओवीने एक डोळा उघडला. माझ्याकडे पाहिलं. "फाइलबाई," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपली.

शुभा हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. डॉक्टर दाराशी गेले, रफिकभाईला हाताने खूण केली. जीप बंद झाली.

मग साडेतीनला ती आपणहून उठली. चारला वरणभात मागितला, दोनदा. तो पोटात राहिला. साडेपाचला डॉक्टरांनी शेवटची तपासणी केली, कागदावर पुढच्या दोन दिवसांत काय काय दिसलं तर धावत यायचं ते लिहून दिलं, आणि शुभाला दोन गाठींचा दोरा दिला. तिने तो मंगळसूत्रात गुंडाळला.

निघता निघता त्यांनी घाम पुसायला खिशातून दस्ती काढली. ओवी समोरच उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या रुमालाला किती गाठी."

चारी कोपऱ्यांना. एकीवर एक, घट्ट, ओढून मारलेल्या. दर पंधरा मिनिटांची एक असावी. म्हणजे हा माणूस दगड नव्हता.

"ह्या माह्या," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, बंगईच्या कडीकडे पाहून बोलायला लागले. विचारलं नव्हतं मी. पण दोऱ्याचं खरं उत्तर त्या दिवशी कळलं.

त्यांची याडी, म्हणजे आई. तांड्यावरची. उठताना तिला जराशी चक्कर यायची. हे तेव्हा नागपूरला नुकतेच डॉक्टर झालेले, मशीनवर भारी जीव. तिला नेऊन भरती केलं. एका फोटोत बारीक डाग दिसला, म्हणून दुसरा फोटो. दुसऱ्यात नीट कळेना, म्हणून सुई घालून तुकडा काढला. सुईच्या जागी पू झाला, म्हणून मुक्काम वाढला. ती रोज विचारायची, घरी कधी. हे म्हणायचे, एक रिपोर्ट येऊ दे. तिला अक्षर येत नव्हतं. रोज संध्याकाळी ती ओढणीच्या कोपऱ्याला एक गाठ मारायची. तांड्यावर ती दिवस तसेच मोजायची.

"शेवटचा रिपोर्ट नॉर्मल आला," डॉक्टर म्हणाले. "तो पाहाले याडी नव्हती. ओढणी हाय माह्याजोळ. एकवीस गाठी. मी एकबी सोडली नाही, वहिनी. हात लावतो अन् ठेवून देतो."

म्हणून हा माणूस जन्मभर दुसऱ्यांना सोडायच्या गाठी देत होता.

  ओवीला मात्र यातलं काही कळलं नव्हतं. तिने त्यांच्या हातातून दस्ती ओढून घेतली, फरशीवर मांडी घातली आणि नखांनी, दातांनी, जीभ बाहेर काढून एकेक गाठ सोडायला लागली. मी एका क्षणाला म्हणणार होते, राहू दे गं, त्यांना उशीर होतो. पण डॉक्टर परत बंगईवर बसले होते. आता पाय मोकळे होते, आणि कडी हळूच वाजत होती.

बराच वेळ लागला. शेवटची सुटली तेव्हा ओवीने दस्ती मांडीवर सरळ केली, चार घड्या घातल्या आणि त्यांच्या हातात दिली.

"झाल्या," ती म्हणाली. "आता घरी जा."

डॉक्टर दस्तीकडे पाहत राहिले. उठले नाहीत. मी आत गेले, चहा टाकला, कप आणून त्यांच्यासमोर धरला. मनात म्हटलं, आता 'कायले' विचारतील.

त्यांनी विचारलं नाही. कप घेतला, आणि फुंकर घालत घालत सगळा प्यायले.